निधान

फोनवर माप सांगितलं तर हसला.
"पायताण हाय काय हे बाई, आठ नंबर, नऊ नंबर?
घोडी बघाय पायजे की."
आणि अथणीहून पहाटेच्या लाल बसनं
निंगाप्पा समगार खानापुरात उतरला,
काखेत रेग्झिनची पिशवी,
पिशवीत शिशाची तार, सुताराची पेन्सिल,
गेल्या सालाचं कानडी कॅलेंडर.

माझ्याकडे पाहिलंच नाही त्यानं.
लवंगीच्या नाकापुढे तळवा धरून उभा राहिला
ती हुंगून कंटाळेपर्यंत.
मग पाठीवरून हात फिरवला, केसांच्या दिशेनं,
आणि खांद्यामागं थांबला,
जिथं तांबड्या अंगावर
दोन पांढरे डाग उगवलेत, अधेलीएवढे.
"हे कुणी केलं?"

मी केलं.
पुण्याहून मागवलेलं तयार खोगीर,
पितळी कड्या, बसायला गादीसारखं.
तीन वर्षं मला वाटायचं घोडी नाठाळ आहे:
तंग आवळताना कान पाडते,
चोर्ल्याच्या उतारावर अंग चोरते.
ती बोलत होती.
मी तिला चाबूक दाखवत होते.

तार त्यानं पाठीवर दाबली,
खांद्याशी एकदा, मधे एकदा,
शेवटच्या बरगडीच्या अलीकडे एकदा,
आणि वाकली तशीच उचलून
कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर गिरवली.
एप्रिलमागं डोंगर, मेमागं टेकडी,
जूनमागं जवळजवळ माळ.
डावा खांदा उजव्याहून जाड निघाला.
"सगळ्यांचा असतोय कुठला तरी. तुमचा बी."

मग मला ओंडक्यावर पोतं टाकून बसवलं.
मांडी मोजली, गुडघा मोजला, रिकिबीची वादी धरून पाहिली.
वजन विचारलं. मी चार किलो कमी सांगितलं.
त्यानं घोडीकडे बघून चार मिळवले.

अठ्ठावीस वर्षं मी पोरांच्या निबंधांत
समासात लाल शाईनं लिहीत आले: खोगीरभरती.
आता हा माणूस अर्धा तास
नुसत्या भरतीवर बोलत होता.
लोकर कुठल्या मेंढराची, कुठल्या महिन्यात कातरलेली,
किती पिंजायची, कुठं दोन बोटं, कुठं एक,
आणि मधे कण्यावर बोगदा,
मागून बघितलं की पलीकडचा उजेड दिसला पायजे.
"शिवण उसवायला जागा ठेवतो.
गवत खाऊन सुटंल की ती श्रावणात.
पाठ काय एकच राहतीय व्हय?"

किती दिवस लागतील, विचारलं.
बसमध्ये चढता चढता म्हणाला,
"निधान."
कानडीत निधान म्हणजे सावकाश.
मराठीत निधान म्हणजे पुरून ठेवलेला ठेवा.
मी ऐकलं मराठीत
आणि चार महिने वाट पाहिली कानडीत.

माघात जांबोटीहून कणकुंबीकडे निघाले.
जांभळीच्या दाटीतून, ओढ्याच्या काठानं,
लाल मातीत खूर वाजत नाहीत तिथून.
तंग आवळताना लवंगीनं कान हलवले, पाडले नाहीत.
चढाला तिचा खांदा माझ्या गुडघ्याखालून
मोकळा जाता-येताना मला पहिल्यांदाच कळला.
उतारावर मी श्वास धरला. तिनं धरला नाही.

वर पोचून खोगीर काढलं, घाम वाचला:
दोन्ही बाजू सारख्या भिजलेल्या,
मधून कण्याची कोरडी पायवाट.
फक्त डावीकडे एक कोरडा ठिपका, रुपयाएवढा.
तिथंच रेंज होती. फोन लावला.
पलीकडे हातोडीचा आवाज थांबला.
"दोन चिमटी लोकर काढाय लागंल.
घेऊन या. तवर तिला मोकळी चालवा.
निधान."

कुठल्या भाषेत, ते विचारलं नाही.
लगाम हातात घेतला,
खोगीर माझ्याच खांद्यावर टाकलं
आणि निघाले उतरणीला.
डावीकडे जरा रुतत होतं.