उजेडाला वास येतो

कोपरखैरण्यात, सिडकोच्या बैठ्या खोलीत
माझा स्टुडिओ फक्त गुरुवारी असतो.
बाकीचे सहा दिवस तिथे वहिनीचं शिवणयंत्र,
ब्लाउजची अस्तरं, आणि तिची तक्रार
की तुझ्या चिमट्यांनी माझ्या सुया पळवल्या.

फ्लॅश दोन. एक तुर्भ्याच्या भंगारातला, पाय मोडलेला,
सायकलच्या ट्यूबने आवळलाय पीव्हीसीच्या पाइपाला.
पाइप उभा तेलाच्या डब्यात,
डब्यात सिमेंट, गटाराच्या कामावरून मागून आणलेलं.
दुसरा नवा. त्याचे दोन हप्ते बाकी,
म्हणून त्याला सोळाव्या भागावरच उडवतो,
पुरा उडवायला अजून तो माझा कुठाय?

रसवंतीवाल्याच्या दीडशे नळ्या
शेजारी शेजारी चिकटवल्यात एका पुठ्ठ्यात.
त्यातून उजेड ओळीने येतो,
ढकलाढकली न करता.

आणि खोका.
दिवाळ्याच्या ठमाबाईचा, थर्माकोलचा, बर्फासकट बोंबील वाहिलेला.
आतून आयता पांढरा. वर बटर पेपर ताणला की
चेहऱ्यावरची सावली कशी सायीसारखी धरते.
निरम्याने धुतला, लिंबाने घासला,
तीन दिवस पत्र्यावर उन्हात पालथा घातला.
तरी दहा-बारा वेळा लखलखला की आत ऊब धरते
आणि उजेडाला वास येतो.

वाशीची एक मुलगी आली होती, स्थळांसाठी फोटो हवा म्हणून.
म्हटलं, जरा हसा. तिने आधी श्वास घेतला.
आईने नेमका तोच फोटो निवडला:
नाक किंचित वर, भुवई ताणलेली,
पसंती आपण द्यायची असते, असं काहीसं.

ठमाबाईने खोक्याचे पैसे घेतले नव्हते.
म्हणाली होती, कवातरी माझा एक फोटो काढ.
ती आली मोतीबिंदू काढल्यावर, काळा चष्मा लावून,
दारातच थबकली, हुंगलं,
आणि म्हणाली, "ह्यो तं माझा खोका."
वासाबद्दल काही नाही.

चष्मा काढून स्टुलावर बसली.
मी पाइप समोर सरकवला तसा तिने हात आडवा धरला.
"समोरशी नको मारू. मी काय चोर हाय?"
मग सांगितलं: लहानपणी, रात्री, खाडीत,
कसल्याशा लाँचीने झोत टाकला होडीवर.
बापाने दोन्ही हात वर केले,
आणि हातातलं जाळं गेलं पाण्यात.
"तवापासून मना समोरचा उजेड नको वाटतं."

मी पाइप बाजूला नेला.
मग आणखी मागे.
अंतर दुप्पट केलं की उजेड पाव उरतो,
हे गणित कॅमेऱ्याचं, पण त्या दिवशी बरं वाटलं.
शेवटी डबा-पाइप-खोका सगळं उंबऱ्याबाहेर,
गल्लीत, शेजारच्या विराजच्या ताब्यात.
नव्या फ्लॅशला पहिल्यांदाच पुरा उडू दिला.

ट्रिगर लागेना.
एकदा नाही, तीनदा. अंधारा फोटो, अंधारा, अंधारा.
लोखंडी दार आड येत असेल, किंवा सेल उतरले असतील.
मी खाली मान घालून बटणं चाचपतोय,
ठमाबाई कंटाळून पदराची किनार चाळतेय,
तेवढ्यात विराजला राहवलं नाही.
त्याने फ्लॅशच्या पाठीवरचं लाल बटण दाबलं
आणि माझं बोट, का कोण जाणे, त्याच क्षणी.

दारातून उजेड आत आला
तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं.
पापणी नाही मिटली, हात नाही उचलला,
मान थोडी पुढे, ओठ बोलायच्या बेतात,
सांजेला दारात कुणाची तरी चाहूल लागावी
आणि कोण ते अजून ओळखू येऊ नये, तशी.

"किती झालं?" तिने विचारलं, कनवटीला हात घालत.
म्हटलं, अजून एक खोका द्या. जरा मोठा.
"सुरमईचा चालंल?"
वहिनी यंत्रावरून ओरडली, नको!