धूप

रात्री दोनला फोन.
"साहेब, तिसरी पायरी फुटली."
रोशन डहाकेचा आवाज, मागे पोकलेनची घरघर,
त्याच्याही मागे हस्ताचा पाऊस,
पत्र्यावर कुणी भरडा भरडतंय असा.

पारडी, मग भांडेवाडी, मग कुत्री, मग वास,
आणि मग तो डोंगर,
ज्याला नकाशात नाव नाही, फक्त उंची आहे.

उतार एकास तीन. मीच आखलेला.
दर पाच मीटरला पायरी, पायरीला नाली,
खाली गाळ बसायला टाकं.
कागदावर पाणी फार शहाणं असतं,
रांगेत उभं राहतं, नंबर लागला की उतरतं.

इथं ते बॅटरीच्या उजेडात
मुरमाचं पांघरूण ओढून काढतंय,
आणि आतून निघतंय:
सलाईनची नळी, शाळेचा एक बूट,
कुणाच्या तरी लग्नातल्या पत्रावळी, अजून एकमेकींना धरून,
बडग्याचा अर्धा जळलेला बांबू.
तान्ह्या पोळ्याला मीही ओरडलो होतो गर्दीत,
इडापिडा घेऊन जाय गे मारबत!
जाय, म्हणजे कुठं,
हे तिथं कुणी विचारत नाही.

माझं काम तसं एका ओळीचं:
पावसाचं पाणी आणि कचऱ्याचं काळं पाणी
यांची भेट होऊ द्यायची नाही.
आज ती झाली. चाळीस मिनिटं.

"खाली कायले पायता साहेब? वरतं पाहा."
पुस्तकला उईके चप्पल हातात घेऊन केव्हाच चढलीय.
वरच्या नालीत एक गादी आडवी.
कापसाची, मधोमध खोलगट,
कुणीतरी बरीच वर्षं एकाच कुशीवर निजलेलं.
चौघांनी ओढली. प्रेतासारखी जड.
मग घळाघळा पाणी आपल्या वाटेला लागलं,
जणू त्याला तेवढंच हवं होतं.

उजाडता उजाडता मी फॉर्म भरतो:
'तिसऱ्या पायरीवर किरकोळ धूप.'
धूप.
भाषेनं काय एकेक शब्द ठेवलेत आपल्याकडे.
वाहून जाणाऱ्या मातीलाही
देवघरातलं नाव.

पुस्तकला घळीच्या काठाला वाळ्याचे ठोंब दाबतेय,
टाचेनं, हातभर अंतरावर.
उन्हाळ्यात अख्खं शहर कूलरमध्ये ज्याचा वास घेतं, तोच वाळा.
"धरंल का?" मी विचारतो.
ती आभाळाकडे पाहते, मग माझ्या बुटांकडे.
"चार दिस नाही आला पाऊस, तं धरंल."

गाडीत नमुन्याची बाटली, चहाच्या रंगाची.
टाक्याखालच्या नाल्यातून भरलेली.
लेबलावर वेळ लिहिली, ठिकाण लिहिलं.
पारडीच्या टपरीवर काच खाली करतो,
पोरगं कप पुढं करता करता थबकतं,
नाक वर करतं,
आणि एक पाऊल मागं सरून
तिथूनच हात लांबवतं.