टक्केटोणपे

फेरीनिगिंगला पोचले तेव्हा सव्वाआठ.
सप्टेंबर. इकडे वसंत म्हणतात त्याला,
म्हणजे वाल नदीकडून येणारी धूळ
आणि जस्तात बुडणाऱ्या पाइपांचा आंबूस धूर.

माझं काम गुण द्यायचं.
मालकी किती काळी, व्यवस्थापन किती,
प्रशिक्षणावर किती रँड घातले, माल कुणाकडून घेता.
बेरीज करायची, पायरी ठरवायची, शिक्का मारायचा.
वरच्या पायरीला नगरपालिकेचं कंत्राट,
खालच्या पायरीला नम्र शब्दांत नकार.

कायद्याच्या व्याख्येत मीही काळीच.
माझ्या बापाचं बेनोनीतलं कापडदुकान
एका नोटिशीनं उठवलं होतं.
तेव्हाही रकाने होते, तेव्हाही रंग विचारायचे.
हे कामावर असताना आठवायचं नाही, असं ठरवलंय.
आठवतंच.

स्ट्रायडमसाहेबांनी फाइल सरकवली,
इतकी नीटनेटकी की मला शंका आली.
एक्कावन्न टक्के : मात्शेदिसो मोफोकेंग, संचालक.
"त्या कुठे आहेत?"
साहेब खाकरले. "येईलच ती आता."
आली. हातात ट्रे,
दोन कप, रुईबोसचा लाल चहा, चार रस्क.

ठेवून निघाली, तेव्हा मी म्हटलं, बसा.
तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे.
नियम असा की मुलाखत एकटीची घ्यायची.
साहेब बाहेर गेले. जाताना दार अर्धवटच लोटलं.

ठरलेला प्रश्न विचारला :
या कंपनीत तुमचा हिस्सा आहे, ठाऊक आहे?
या प्रश्नाला माणसं सहसा टेबलाकडे बघतात.
ही हसली.
"सही केली त्या रात्री मुलीनं वाचून दाखवलं.
सोळा पानं. दोनदा.
बावीस वर्षं झाली, बाई. आधी झाडू, मग चहा, मग टक्के."

एप्रनच्या खिशातून वही निघाली.
कुठला ट्रक किती पाइप घेऊन कधी गेला,
जस्ताचा भाव कधी चढला,
कुठल्या महिन्यात पगार अडला
आणि साहेबांनी स्वतःची बोट विकून तो कसा भागवला,
तेही होतं.
"लबाड आहे तो," ती म्हणाली, "पळपुटा नाही."
लाभांशाचं पान मात्र कोरं. पाच वर्षं.
खाली बारीक अक्षरात : नाताळ, कोंबडी, एक.

मी पेन उघडलं.
'मुखवटा' असं लिहिलं तर प्रमाणपत्र जातं,
त्यामागून कंत्राट, त्यामागून त्रेचाळीस माणसं,
साहेब कोर्टात, आणि वकील दोन्ही ताटांत जेवणार.
नाही लिहिलं तर उद्याही ट्रे.
टक्के तिच्या नावावर. टोणपेही तिच्याच.
यासाठी माझ्या तक्त्यात रकाना नाही.

"तुमच्या नावाचा अर्थ काय?"
उगाच विचारलं. वेळ काढायला.
"सांत्वन. माझ्या आधीचं मूल गेलं होतं."
थोडा वेळ यंत्राचाच आवाज.
मग ती म्हणाली, "आता मी विचारते.
भागधारकांची सभा बोलवायची
तर किती दिवस आधी कळवावं लागतं?"

मी सल्ला द्यायचा नाही,
हे माझ्या करारात पहिल्याच पानावर आहे.
दाराबाहेरचे बूट मघापासून हललेले नव्हते.
"कामाचे दहा दिवस," मी म्हटलं.
जरा मोठ्यानंच.

भिंतीवर टायर कंपनीचं कॅलेंडर होतं.
ती उठली, आजच्या तारखेवर बोट टेकवलं,
ओठांतल्या ओठांत मोजत निघाली,
रविवार ओलांडले, शनिवार ओलांडले,
चोवीस तारखेच्या लाल चौकोनापाशी अडली.
"ही सुट्टी धरायची?"
"नाही."
चहा कधीचाच निवला होता.
तिनं बोट एक घर पुढे नेलं.