फाळका

गाडी आली तेव्हा तिच्या पोटात
रावेरच्या केळीचा वास होता.
फळ्यांच्या फटींत सुकलेली पानं,
काचेवर कुणाच्या तरी पोरांची नावं
अर्धी खरवडलेली.
उरलेली अर्धी मी तशीच ठेवली.

फिनाइल नको, बाबा म्हणाले, तिला झोंबतं.
मग लिंबाचा पाला उकळून
खराट्यानं दोनदा घासली.
तरी ब्रेक दाबला की आठवडाभर
मागून केळीच पुढं यायची.

क्लच उंच. तिसरा गियर चुकून पहिल्याच्या घरात.
डावा आरसा कितीही पिळा, आभाळ दाखवतो.
मागं काठोकाठ भरलेली बादली ठेवून
दोंडाईचा ते निमगूळ, निमगूळ ते दोंडाईचा
मी गाडी शिकले.
पहिल्या दिवशी बादली अर्धी झाली,
पाचव्या दिवशी ओंजळभर सांडलं.
बाबा बोटं बुडवून बघायचे
आणि काही बोलायचे नाहीत.

युसुफ पिंजाऱ्याकडं वेल्डिंग.
रेवडीच्या छातीचं माप बाबांच्या खिशात होतं,
सुतळीला मारलेल्या दोन गाठी.
तेवढ्यावर दांडी बसली.
दांडीला गुंडाळले फेटे:
सोळा वर्षांत ज्या ज्या वरातींत
घोडीवाल्याला म्हणून मिळाले, ते.
गुलाबी, बदामी, एक पार विटलेला.
तळाला जिनिंगमधला जुना रबरी पट्टा,
त्यावर दादरचा कडबा.
खिडकी कुठं कापायची?
युसुफनं आपल्या डोळ्यांसमोर रेघ मारली.
बाबांनी ती पुसली,
घोडीला गाडीशेजारी उभं केलं,
तिच्या डोळ्यासमोर खडू टेकवला.

एवढं सगळं झालं,
आणि रेवडी चढेना.

फाळका खाली टेकवलेला, वर बाभळीच्या पट्ट्या,
तिनं एक खूर ठेवला,
आतून पोकळ आवाज आला
विहिरीवरच्या फळीसारखा,
खूर मागं.
गूळ झाला. हरभऱ्याची डाळ झाली.
बँडवाला भटू म्हणाला, थांबा,
आणि त्यानं संबळ आणला.
रेवडी नाचली हो, तिथंच, मातीत,
मान वळवून, चारी पाय मोजून नाचली,
गल्ली गोळा झाली,
एका म्हातारीनं तर दहाची नोट ओवाळली.
पण फाळक्याला शिवली नाही.

मी लगाम ओढायला गेले तर बाबा म्हणाले,
"तिले वढू नको. तिले इचार."

कसं विचारायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.
रात्री घोंगडी घेतली
आणि फाळका उघडा ठेवून
स्वतःच गाडीत जाऊन निजले.
मार्गशीर्षाची थंडी. मी ओट्यावरून
त्यांचा खोकला ऐकत होते.
खुंट्याशी तिला सैल सोडली होती.
मांडवात पंगती उठायच्या तेव्हा
हे दोघं रस्त्याच्या कडेला असेच असायचे,
एक उभं, एक आडवं.

पहाटे पोकळ आवाज झाला. चारदा.
मी उठले नाही.

आता नंदुरबारची सुपारी घेतली की
मिरचीच्या पथाऱ्यांजवळ ती शिंकते,
लाल मैदानभर कुणीही वळून बघत नाही.
केबिनमध्ये माझ्याशेजारची सीट रिकामी.
बाबा मागं, दांडीला पाठ लावून,
कधी फेट्यांवर डोकं टेकवून.
मी खड्ड्यांना आधीच हळू होते.
बादली अजून तिथंच आहे,
पिण्याची म्हणून,
पण उतरल्यावर ते बोटं बुडवतातच.

पेंटरनं विचारलं, मागं काय लिहू?
भेटू पुन्हा? माँ का आशीर्वाद?
बाबा फाळक्यासमोर बराच वेळ उभे होते.
मग म्हणाले, लिख,
मझार जीव शे.

पेंटर धुळ्याचा, त्यानं अक्षरं जरा तिरपी काढली.
ट्रकवाले तरी हॉर्न देतातच.