नवी आवृत्ती

सातपूरला, लेथच्या कारखान्यावरच्या खोलीत
आम्ही तिघं ब्राउझर बनवतो.
वापरणारे अकराशे.
ऋजुता म्हणते, एआय घालू, सारांशाचं बटण,
नाहीतर हेही जातील.

रामकुंडावर, उपाध्यांच्या वहीत
पणजोबा शोधत होतो एकदा.
बोट घसरलं, थांबलं
त्यांच्या बहिणीवर : वेणू.
घरात जिचं नाव कुणी कधी घेतलं नव्हतं.
सारांशात वेणू आली नसती.

मग मखमलाबादहून दगडूनानांचा फोन :
मोतीबिंदू पिकलाय,
अक्षरं पाण्यात पडल्यासारखी.
तुमचं यंत्र वाचून दाखवेल का रे?

खालची लेथ थांबल्यावर
बटण घातलं. बंद.
उंबऱ्याबाहेर, चपलांपाशी उभं.
हाक मारली तरच आत.

ऋजुता म्हणाली, आणि हाक मारणार कोण?
नाना, म्हटलं.
अकराशेतले एक.