घमेलं

त्या वर्षी ओळंबा खिशातच राहिला.
वडाळ्याला, मिठागराच्या अंगाला
साहेबांनी नकाशा उलगडला; त्यात सरळ रेघच नव्हती.
"हे काय, हौद?"
"पोरांना घसरायला," ते म्हणाले.
त्यांनाही नीट ठाऊक नसावं.
सळई वाकवून साचा केला,
थापी दगडावर ठोकून तिला पोट आणलं.
ती थापी अजून आहे. भिंतीला चालत नाही.

उद्घाटनाचा नारळ काठावर फुटला,
पाणी ओघळून बरोबर मध्यात थांबलं.
नगरसेवक हसले. मीही, उतार जमला म्हणून.

चार वर्षं चाकं फिरली. मग कुणाचा तरी हात मोडला,
मग कुलूप.
जप्तीच्या हातगाड्या आत पडल्या,
पाणी साचलं, मलेरियावाल्यांनी गप्पी मासे सोडले.
खारा वारा सळईपर्यंत पोचला.
लोखंड गंजलं की फुगतं,
काँक्रीट आतून सुटत जातं
आणि वरून काही दिसत नाही.

यंदा शगुफ्ता आली, दोन्ही कोपरांवर खपल्या,
वीस घरं विचारत.
"काका, घमेलं तुम्हीच केलंत ना?"
पोरं त्याला घमेलं म्हणतात.
जन्मभर डोक्यावर वाहिलं,
आता मी त्याच्या आत उभा.

आधीच्या ठेकेदारानं भेगांवरून सिमेंटचं पाणी फिरवलेलं.
मी तळहातानं चाचपलं. गुळगुळीत.
"हातानं नाही कळायचं," ती म्हणाली, "ऐका."
आणि सुटली.
चाकांचा आवाज सलग, सलग, सलग,
एका जागी बद्द.
खडूनं गोल केला, हातोडी टेकवली;
ढलपा निघाला, खाली सळई पापुद्र्यापापुद्र्यांची.
असे एकतीस गोल.
एकदा मी चुकलो. ती नाही.

गंज घासला, माल भरला,
वाकड्या थापीनं पोट दिलं.
चौदा दिवस ओली पोती.
पोरं काठावर, मांडीवर फळ्या घेऊन,
रोज तेच: "सुकलं का?"
अरे, सुकवायचं नसतं. पाजायचं असतं.

बिल अजून वॉर्ड ऑफिसात आहे.

पंधराव्या दिवशी पोती काढली.
कुणी उतरायच्या आधी
खिशातलं लिंबू काठावरून सोडलं.
खाली गेलं, समोर चढलं,
क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं,
परत आलं, पुन्हा गेलं.
शगुफ्तानं फळी खाली ठेवली नाही
लिंबू निजेपर्यंत.