तहकूब

डॉक्टर उर्किदी नकाशा उलगडत नाहीत.
उलगडला की हरलो, म्हणतात.
त्यांचा नकाशा आपल्यापेक्षा मोठा आहे,
शिवाय चार रंगांत छापलेला.
आपण एकच शब्द धरून बसायचं: काठ.

छत्तीस वर्षांपूर्वीच्या तहात, सातव्या कलमात,
'चियार नदीच्या काठापर्यंत' एवढंच आहे.
कुठल्या काठापर्यंत, ते लिहायचं राहिलं;
दोन्हीकडच्या वकिलांना त्या दुपारी
जेवणाची घाई असावी.
मग एका पुरात नदी उठली,
कुरणाला वळसा घालून पूर्वेला जाऊन निजली
आणि अकरा घरं, लामांचे सहा कळप, एक दफनभूमी
जागची न हलता परदेशी गेली.

जिनिव्हा. सप्टेंबर. हॉटेलचा तिसरा मजला.
मी तिसरा सचिव. टंकलेखन, तिकिटं, छत्र्या,
आणि आयमारा येते म्हणून
साक्षीदार बाईंची जबाबदारी.

रात्री डॉक्टर मतं मोजतात, साखरेचे खडे मांडून.
ज्यांचा बांध कुणी कोरतंय, ते आपले.
ज्यांनी स्वतः कोरलाय, ते मूग गिळून बसतील,
म्हणजे तेही जवळजवळ आपलेच.
'हक्क' म्हणायचं नाही, 'खुलासा' म्हणायचं.
'आमचं' म्हणायचं नाही, 'तिथलं' म्हणायचं.
आधी त्यांना बोलू द्यायचं, तापू द्यायचं,
आणि तापलेल्या माणसापुढे
सगळ्या सभेदेखत
पाण्याचा पेला सरकवायचा.
एवढं सांगून ते एक खडा कॉफीत टाकतात.
कुणाचं मत होतं ते, मी विचारत नाही.

साक्षीदार: एउलोखिया कालिसाया, वय साठीच्या पुढे.
खेचर, आगगाडी, बोट, पुन्हा आगगाडी.
हॉटेलच्या बेसिनमध्ये तिने शाल धुतली,
गॅलरीत वाळत घातली, तर व्यवस्थापकाची चिठ्ठी आली.
संध्याकाळी तिला सरोवर दाखवायला नेलं.
हे कुणाचं, तिने विचारलं.
अर्धं यांचं, अर्धं पलीकडच्यांचं.
रेघ कुठाय?
मध्ये.
मग तिच्यावर एवढं पाणी कुणी ओतलं?

तालीम घेतली तेव्हा मी नेमून दिलेला प्रश्न विचारला:
बाई, काठ कुठला तुमचा?
तिने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.
म्हणाली, ओला असेल तो.

मी भाषांतर केलं. डॉक्टर खूप वेळ हसले,
मग चष्मा काढून ठेवला.
हिला उभं करायचं नाही, म्हणाले,
हे वाक्य त्यांना बुडवेल, आणि आपल्यालाही.
खिशातल्या वहीत मात्र ते त्यांनी लिहून घेतलं,
खाली तारीख घातली.

सभेत सगळं ठरल्यासारखं झालं.
पलीकडचे तापले. पेला सरकला.
मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं, आणि ते हसू
आमच्या बाजूने मोजलं गेलं.
मग समिती, उपसमिती, पुढचं अधिवेशन.
अध्यक्षांनी लाकडी हातोडी आपटली:
तहकूब.

तहात एकवीस कलमं आहेत.
मी तो दोनदा टंकलिखित केलाय, म्हणून सांगतो,
त्यात तहान हा शब्द कुठेच नाही.

बाहेर दगडी पायऱ्यांवर ती बसली होती,
शाल अजून दमट.
काय झालं, तिने विचारलं.
डॉक्टर हस्तांदोलनं करत होते, चेहरा जिंकल्यासारखा.
तहकूबला आयमारात शब्द सापडेना.
शेवटी म्हणालो,
नदीला अजून एक वर्ष दिलंय.

तिने मान हलवली. तिला पुरेल, म्हणाली.
आणि थोड्या वेळाने विचारलं,
परतीच्या बोटीत रोज तेच खारे मासे असतील का.